चावीमहाराजांचा कानमंत्र

पुसदच्या त्या मंगल कार्यालयात गुरुवारी ना नवरा होता ना नवरी, तरी दारात चपलांचा ढीग पडला होता. आत खुर्चीवर चावीमहाराज बसले होते. समोर लॅपटॉप, लॅपटॉपला हळदीकुंकू, आणि भक्तांच्या हातात ज्याचे त्याचे मोबाईल. गावात बिटकॉइन बाळगणारी माणसं आधी फार नव्हती. महाराज आले आणि दर गल्लीत दोन निघाली.

"तुमच्या जुन्या वॉलेटची चावी बाटली, बाप्पा," महाराज सांगत होते. "चोराची नजर लागली तिले. मी सिद्ध चावी देतो. बारा शब्द. पण तो कानमंत्र आहे. बायकोनं नवऱ्याले सांगू नये, नवऱ्यानं बायकोले. बोललं का गेलं. अन् अक्षय्य तृतीयेपर्यंत आतल्या छदामाले हात लावू नका."

तेवढ्यात गौरीनं फोन वर केला. "वाढले, महाराज. परत वाढले."

सगळा हॉल गौरीकडे वळला आणि तिसऱ्या ओळीत शोभाच्या पोटात दुखायला लागलं. गौरी तिची धाकटी जाऊ. बावीस वर्षं शोभा हेच बघत आली होती. गौरीची पुरणपोळी फुटत नाही, गौरीच्या पोराला पहिल्या फटक्यात नोकरी लागते, आणि आता महाराजांची कृपाही आधी गौरीवरच. हिच्यात असं काय सोनं लागलंय, या विचारानं शोभाला रात्रीचं जेवणसुद्धा गोड लागत नसे.

खरं तर तिचं काही वाईट चाललं नव्हतं. मुलानं, अनिकेतनं, चार वर्षांपूर्वी तिला थोडं बिटकॉइन घेऊन दिलं होतं. ते वाढून धाकट्या लेकीच्या, ऋचाच्या, नर्सिंग कॉलेजच्या फीइतकं झालं होतं. तेवढाच काय तो आधार. पण गौरीचं रोज वाढतंय म्हटल्यावर फी कोणाला आठवते? शोभा उठली आणि रांगेत लागली.

महाराजांनी तिच्या कानात काहीतरी पुटपुटून हातात चिठ्ठी दिली. "हे शब्द फोनात घाल, चिठ्ठी ताईतात घाल, मंग जुन्यातलं सारं नव्यात टाक."

शोभानं शब्द घातले आणि तिचे डोळे विस्फारले. अजून एक पैसा टाकला नव्हता, तरी आत चांगला लांबलचक आकडा उभा होता.

"प्रसाद आहे तो," महाराज म्हणाले. "तुह्यं सारं टाकलं नाही तर निघून जाईन."

शोभा हरखली, पण दोनच क्षण. तिसऱ्या क्षणाला तिला प्रश्न पडला, गौरीला प्रसाद किती मिळाला? ती सरळ गौरीच्या मागं जाऊन उभी राहिली आणि मान लांब करून तिच्या फोनात डोकावली. आकडा तोच. दशांश चिन्हापुढचे आठही आकडे तेच. म्हणजे एवढी रांग लावून आपण हिच्या बरोबरीतच? शोभाला संशय नाही आला, राग आला, हे इथं कबूल केलं पाहिजे.

तिथंच बसून ती जुन्यातलं नव्यात पाठवायला लागली. पण कॉम्प्युटर क्लासच्या नुजहत मॅडमनी तिला एक शिस्त लावली होती. नव्या जागी आधी चिमूटभर पाठवायचं, नीट पोचलं की मगच बाकीचं. शोभानं चिमूटभर पाठवलं. ते पोचलं का हे ती आपल्या फोनात बघणार, तोच शेजारी गौरीचा फोन टुणकन वाजला.

"ताई, पाहा ना, अजून वाढले."

"किती?"

गौरीनं आकडा सांगितला. ती शोभाचीच चिमूट होती.

"माह्ये पैसे तुले काहून आले?" शोभा उसळली. "मंत्र मले अन् कृपा तुले? तुह्या मंत्र काय आहे, सांग."

"ताई, कानमंत्र सांगत नसतेत. साराच जाईन पैसा."

"मंग माह्या ऐक." जळणारा माणूस शापाला भीत नाही, एवढा एक गुण त्याच्यात असतो. "कॉटन, टायगर, मँगो..."

गौरीचा चेहरा उतरला. "लॅम्प," ती हळूच म्हणाली. "रिव्हर. अंब्रेला."

बारावा शब्द दोघींनी मिळूनच म्हटला. मग शोभानं नुजहत मॅडमना फोन लावला.

मॅडमचा क्लास दोन गल्ल्या पलीकडे होता, त्या दहा मिनिटांत आल्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "शोभाताई, हे बारा शब्द म्हणजेच चावी. महाराजांनी साऱ्यांना एकच चावी वाटली, म्हणजे घर बी एकच. जो येतो तो आपलं त्याच घरात टाकतो, अन् पहिलेच्याला वाटते आपलं वाढलं. तुम्हाला दिसला तो प्रसाद नाही, लोकायचा पैसा आहे. तृतीयेला महाराज घर झाडून नेतील."

"माह्यं तर सारं आत आहे," गौरी रडवेली झाली.

"तर आधी महाराजांचा फोन हातात घ्या, नाहीतर ते आत्ताच झाडून नेतील."

दाराशी धरमसिंग बसला होता. ट्रकवाला, अंगानं दणकट. त्यानं कालच सगळं आत टाकलं होतं. गौरी त्याच्या कानात बोलली. हाही कानमंत्रच होता. धरमसिंग पाया पडायला वाकला, महाराजांचा फोन उचलला आणि त्यांच्या खांद्यावर हात टाकून शेजारीच बसला.

शोभानं माईक घेतला. "आपापला आकडा मोठ्यानं वाचा."

"वाचू नका, पाप लागीन," महाराज ओरडले.

आधी गौरीनं वाचला. मग धरमसिंगनं. मग एकेक करत साऱ्या हॉलनं. चाळीस माणसं, एकच आकडा. मग ताईत फुटले. चाळीस चिठ्ठ्या, तेच बारा शब्द. महाराजांना पोलीस घेऊन गेले तेव्हा लॅपटॉपवरचं कुंकू अजून ओलं होतं.

संध्याकाळपर्यंत नुजहत मॅडमनी एकेकाला समोर बसवून स्वतःचं नवं वॉलेट काढायला लावलं, आणि जुन्या नोंदी पाहून ज्याचं त्याला परत पाठवलं, आधी चिमूटभर, मग सगळं. "शब्द तुमचा फोन काढतो, माणूस देत नाही," त्या म्हणत होत्या. "कागदावर लिहा, फोटो काढू नका. स्वतः काढलेली चावी कोणालेच सांगू नका. अन् दुसऱ्यानं दिलेली चावी चौकात वाचून दाखवा."

गौरी आणि शोभा पाठीला पाठ लावून आपापले शब्द लिहीत होत्या. गौरीच्या कागदात डोकवावं असं शोभाला वाटलं नाही असं नाही. पण ऋचाची फी आठवून ती मुकाट्यानं लिहीत राहिली.

एकोणचाळीस शहाण्या माणसांनी एक साधी गोष्ट केली नव्हती. आपला चमत्कार त्यांनी शेजाऱ्याच्या चमत्काराशी ताडून पाहिला नाही. शोभानं पाहिला, तोही जळफळाटापोटी. तुम्ही जळू नका, बाप्पा, पण ताडून पाहा.