दोन डब्यांतल्या गोळ्या

नवरा एड्सने गेला तेव्हा नालवोगा आणि नाकिमेरा या दोघी सवती पोटुशी होत्या, आणि तोच मेला रोग दोघींच्याही रक्तात होता. मासाका गावच्या दवाखान्यात सिस्टर तेरेझा म्हणाली, "बाळाला लागण होऊ नये म्हणून परदेशी डॉक्टरसाहेबांची गोळ्यांची चाचणी चाललीय. काही डब्यांत औषध, काहींत नुसतं पीठ. कुणाच्या डब्यात काय, ते मलाही ठाऊक नाही."

घ्या! पोटातल्या पोरांवर जुगार! पण दुसरीकडे तेवढंही मिळत नव्हतं. दोघींनी मुकाट्याने अंगठे उठवले.

घरी आल्याबरोबर नालवोगाने दोन्ही डबे एका टोपलीत उपडे केले. मटोकेची हिरवी केळी शिजोत नाहीतर मासळी, थोरलीने दोन सारखे वाटे करायचे, हा त्या घरचा रिवाज. गोळ्या दिसायलाही एकसारख्याच.

"अक्का, अगं तुझ्या डब्यात औषध असलं तर?"

"असलं तर दोघींच्या पोटात जाईल. गप गीळ."

दीड वर्षाने दोन्ही लेकरांच्या रक्तात रोग निघाला. औषध मात्र गुणकारी ठरलं होतं, डब्यांची यादी उघडली होती. सिस्टरने नालवोगाला एकटीलाच आत घेतलं. "तुझ्या डब्यात औषध होतं गं, नाकिमेराच्या डब्यात पीठ. नेमाने घेतलंस ना? मग बाळाला कसं...?"

नालवोगाने टोपलीचं सांगितलं. सिस्टरने कपाळाला हात लावला. "अगं बाई! पुरतं घेतलं असतंस तर तुझं तरी पोर कदाचित वाचलं असतं!"

नालवोगाचं काळीज फाटलं. मग ती उसळली, "मला कसली बोलतेस? त्या साहेबांच्या देशात पोटुशींना हे औषध कधीपासून मिळतंय, तूच सांगितलंयस. आमच्या डब्यात पीठ भरताना हात कसे झडले नाहीत त्यांचे?"

बाहेर बाकावर नाकिमेरा दोन्ही पोरांना मांडीवर घेऊन बसली होती. नालवोगाने डोळे पुसले. "तिला सांग, दोन्ही डब्यांत पीठच होतं. एवढं कर माझ्यासाठी, तुला माझी शपथ."

सिस्टरने तसंच सांगितलं. नाकिमेरा ढसाढसा रडली, तिने डॉक्टरांच्या सात पिढ्या उद्धरल्या. मग नाक पुसत म्हणाली, "एक बरं झालं, अक्का. तुझ्या लेकराच्या तोंडचं मी काढून नाही घेतलं."

नालवोगाने मान हलवली आणि आपलं पोर तिच्या मांडीवरून उचलून घेतलं.