डाकबंगल्याची आतली बाजू

"साहेबराव, ह्ये घर हाय का रेल्वेचं ठेसन?"

चिमाजीने चुन्याच्या फक्कीची पाटी खाली ठेवली आणि कमरेवर हात देऊन तो पांढऱ्या रेघांकडे बघत राहिला. चाकण मागे टाकून राजगुरुनगरकडे निघालं की डाव्या हाताला साहेबरावांचा प्लॉट लागतो. चिमाजी इथल्याच गावचा ठेकेदार. सकाळपासून साहेबराव सांगतील तशी तो जमिनीवर घराची आखणी करत होता. आधी वऱ्हांडा मारायचा आणि त्यात इंचाचीही तडजोड करायची नाही, असं साहेबरावांनी बजावलं होतं. वऱ्हांडा मारून झाला तेव्हा निम्म्याहून जास्त प्लॉट संपला होता. मग बैठकीची खोली मारली, आणि उरलासुरला प्लॉटही संपला.

तारेच्या कुंपणापाशी उभ्या असलेल्या प्रभावतीने विचारलं, "आणि माझं स्वयंपाकघर?"

चिमाजीने तारेपलीकडे बोट दाखवलं. "त्ये तिकडं, वैनी. शेजारच्या कांद्यात."

"मम्मी, बरंच झालं! कांदा आणायला चप्पलसुद्धा घालायला नको," म्हणत श्रद्धा खो खो हसत सुटली. ती दहावीला होती. तिला हसायला कारण लागायचं नाही, आणि आज तर चांगलं भरभक्कम कारण मिळालं होतं.

साहेबराव हसले नाहीत. हातातला आलेखाचा कागद त्यांनी पुन्हा उलगडला. गावाकडचा, बीड जिल्ह्यातला, निजामाच्या काळातला डाकबंगला त्यावर उतरला होता. दगडी खांब, खांबांमधून अर्धगोल कमानी, उतरतं कौलारू छप्पर, छपराच्या कडेला लाकडी झालर. असं घर बांधायचं, हे त्यांनी चड्डीत असताना ठरवलं होतं. त्यानंतर चाकणच्या कंपनीत क्वालिटीच्या टेबलावर केस पांढरे झाले, पण ठरलेलं काही हललं नव्हतं. सगळी मापं मिलिमीटरमध्ये होती.

चिमाजी कागदावर वाकला. "मिलिमीटर? आमच्याकडं वीट बी येवढी सरळ येत न्हाई राव! माझं आयका. साधं आरसीसी उभं करू, पुढनं चार खांब देऊ, वरनं कौलं चिकटवू. कुनाला कळतंय?"

"मला कळतंय ना."

प्रभावती म्हणाली, "अहो, मग एखाद्या आर्किटेक्टला तरी दाखवा. मी कधीची सांगतेय."

"माझं घर माझ्या डोक्यात तयार आहे. दुसऱ्याच्या डोक्याचं भाडं कशाला भरू?"

"भरू नका. मी बसते कांद्यात पोळ्या लाटत."

आर्किटेक्ट म्हटलं की साहेबराव विषय बदलायचे. एखादा शिकलेला माणूस कागद बघणार, गालात हसणार, 'काका, हे आता कोणी करत नाही' म्हणणार आणि डाकबंगल्याच्या जागी काचेचा डबा काढून देणार, हे त्यांना लख्ख दिसत होतं. पण फक्कीने मारलेलं ते रेल्वेचं ठेसनही दिसतच होतं. शेवटी श्रद्धाने मैत्रिणीच्या मावशीचं नाव काढलं. विजयश्री. चिंचवड गावठाणात, औषधाच्या दुकानावर तिचं ऑफिस होतं.

"नुसतं भेटायचं," साहेबरावांनी जिना चढता चढता प्रभावतीला तिसऱ्यांदा सांगितलं. "काम द्यायचं ठरलेलं नाही."

विजयश्री तिशीतली असेल. तिने कागद टेबलावर पसरला आणि ती एकेका खांबावरून बोट फिरवत गेली. साहेबराव तिच्या ओठांकडे बघत होते. हसू आलं की कागद उचलायचा आणि निघायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

"हे तुम्ही काढलंय?"

"हो."

"समोर बसून?"

"नाही. आठवून."

"आठवून!" तिने एका कमानीवर बोट ठेवलं. "कमानीच्या वरचा हा दगड बघा ना, थोडासा पुढे आलेला. लोकांना हे सांगूनही दिसत नाही हो." साहेबरावांचा जीव भांड्यात पडला. ते खुर्चीत जरा ऐसपैस बसले. तेवढ्यात तिने कागद उलटा केला. मागे कोरं होतं. "आणि आतलं?"

"आतलं म्हणजे... खोल्या."

"हो, पण या दारातून आत गेलं की समोर काय दिसतं?"

साहेबरावांनी कागद पुन्हा सुलट केला. कंपनीत मशीनवरून उतरलेला एकही जॉब, एकही सुटा भाग, त्यांनी जन्मात एकाच बाजूने बघून पास केला नव्हता. हातात घ्यायचा, फिरवायचा, आत बोट घालून बघायचं, मग शिक्का. पोरांना ते हेच शिकवत आले होते. आणि इथे?

"विचार करून सांगतो," म्हणत त्यांनी कागदाची गुंडाळी केली.

खाली आल्यावर गाडीला किक मारता मारता ते कुरकुरले, "बाई फार प्रश्न विचारते. चिमाजीलाच देऊन टाकू."

"प्रश्न तर एकच विचारला तिने," प्रभावती म्हणाली आणि मागे बसली.

रहाटणीच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये त्या संध्याकाळी साहेबरावांची आई, शालनबाई, दिवाणावर बसून मेथी निवडत होत्या. श्रद्धा त्यांच्या पुढ्यातले देठ गोळा करत होती. मम्मीने ऑफिसातला तो प्रश्न सांगितल्यापासून तिच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता.

"पप्पा, तुम्ही त्या बंगल्यात कधी आत गेलाच नव्हता ना?"

साहेबराव टीव्हीचा आवाज वाढवायला रिमोट शोधू लागले.

"कसा जाईल?" शालनबाईंनी मेथीवरून नजर न काढता उत्तर दिलं. "म्या झाडायला जायची तव्हा ह्यो बाहीर लिंबाखाली बसायचा. पायरीवर पाय ठिवला की खानसामा वरडायचा. आपल्या लेकरांना वर यायचं नव्हतं. मला बी मागच्या दारानंच जावं लागायचं."

श्रद्धाचं हसू गेलं. लिंबाखाली मांडी घालून बसलेलं, समोरच्या कमानी डोळ्यांनी पिऊन टाकणारं एक पोरगं तिला दिसलं. त्याला दुसरं बघायला होतं तरी काय!

साहेबरावांना रिमोट सापडला होता, पण ते तो हातात धरूनच आईजवळ येऊन बसले. "आई, आत कसं होतं गं?"

"आत? आरं, आंधार गुडूप! दिवसा कंदील लागायचा. छपरात वटवाघळं. सायेबाची मोरी बैठकीपरीस मोठी! एकटा माणूस येवढ्या मोरीत काय कुस्त्या खेळत व्हता का काय की!"

प्रभावती स्वयंपाकघरातून लाटणं घेऊनच बाहेर आली. "आणि स्वयंपाकघर?"

"त्ये पार मागं, आंगण वलांडून. ताट जाईस्तोवर कालवण गार."

"ऐकलंत?" प्रभावतीने लाटण्याचा रोख नवऱ्याकडे धरला. "निजामाच्या काळापासून बायकांचं स्वयंपाकघर कांद्यातच आहे!"

आता साहेबरावही हसले. पोटातून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला, त्याच्या पोटात नुसता अंधार, वटवाघळं आणि एक मोरी!

"मग चांगलं काहीच नव्हतं?" त्यांनी डोळे पुसत विचारलं.

शालनबाईंची बोटं एका काडीवर थांबली. "वऱ्हांड्यातली फरशी. शाहाबादी. दुपारी पुसून घेतली की आशी गार पडायची... वाटायचं, जराशी पाठ टेकावी."

"टेकलीस कधी?"

"खुळा का काय तू! पुसायची आन् निघायची." त्यांनी मेथीची जुडी उचलली. "आन् तुला बांधायचं तर बांध बाबा, पर झाडायला सोपं बांध."

साहेबराव उठून गॅलरीत गेले. त्यांचं फोनवरचं बोलणं आत सगळ्यांना ऐकू येत होतं, कारण फोनवर त्यांचा आवाज कायम शॉपफ्लोअरवरचाच असायचा. "मॅडम, आतलं सापडलं. पण ते आम्हाला नकोय. बाहेरचं हे, आणि आतलं आमचं. आमचं म्हणजे कसं, ते मला येत नाही. तुम्ही काढाल का?"

त्यानंतरच्या रविवारी सगळे पुन्हा प्लॉटवर जमले. पाया खणायच्या आधी बुद्धवंदना घ्यायची ठरली होती, पण त्याला अजून अवकाश होता. आज नुसती नवी आखणी होती. विजयश्रीने कमानी तशाच ठेवल्या होत्या, लाकडी झालरही. वऱ्हांडा मात्र घराला बेतून घेतला होता आणि त्याला शहाबादी फरशी नेमली होती. प्रभावती फक्कीच्या स्वयंपाकघरात उभी राहून हात पसरून गोल फिरली, आणि दोन्ही हात तारेच्या अलीकडेच राहिले.

"चिमाजी, नकाशा मॅडमचा. बांधणार तूच," साहेबराव म्हणाले.

"आमी कवा न्हाई म्हनलो? पर मॅडम, मोरी केवढी ठिवलीय? न्हाई, साहेबराव सांगत व्हते, मोठ्या मोरीवर आजींचा राग हाय!"

शालनबाईंनी ते ऐकलंच नाही. श्रद्धाचा हात सोडून त्या रेघांच्या कडेकडेने चालल्या होत्या. पूर्ण घराला वळसा घालून त्या मागच्या अंगाला गेल्या आणि तिथे उभ्या राहिल्या. कोणी त्यांना तसं सांगितलं नव्हतं. पायांनाच ठाऊक होतं.

साहेबराव वऱ्हांड्याच्या रेघेत उभे होते. त्यांनी हाक मारली. "आई, तिकडून नाही. समोरून ये."

"सारखंच की रं. भित कुठंय आजून?"

"तरीपण समोरून ये."

शालनबाई पुढे आल्या. रेघेपाशी थांबून त्यांनी चपला काढल्या. मग लुगडं जरासं उचललं आणि पाय चांगला उंच घेऊन रेघेवरच टेकवला, खरीच पायरी असल्यासारखा. श्रद्धाने घाईघाईने गाडीवरची सतरंजी आणून आत अंथरली. शालनबाई तीवर टेकल्या. आधी हात टेकवून, मग बसून, मग काय वाटलं कोण जाणे, सरळ पाठ टेकून आडव्या झाल्या आणि वरचं मोकळं आभाळ बघत राहिल्या.

त्या आल्या तिथे रेघ पुसली होती. पांढऱ्यात एका पावलाची जागा मोकळी पडली होती. चिमाजीने मूठभर फक्की घेतली आणि रेघ सांधायला तो खाली वाकला.

"राहू द्या," विजयश्री म्हणाली. "पायऱ्या तिथेच घेऊ."

चिमाजीने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा साहेबरावांकडे, आणि मूठ परत पाटीत मोकळी केली.