जिथे मी झुकले नाही

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. जांभळीची, बेचक्यासारखे दोन फाटे असलेली. लखनौमधल्या मुलींच्या एका शाळेत, प्रयोगशाळेच्या कपाटात, परीक्षानळ्यांच्या शेजारी मला ठेवले आहे. नवी मुलगी आली की हटकून विचारते, "मैम, ये लकड़ी यहाँ क्यों है?" त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे माझे आयुष्य.

माझा जन्म यवतमाळ जिल्ह्यातला. पुढे माझे धनी झालेल्या ईश्वरदादांच्या वडिलांनी मला फांदीवरून कापले, साल सोलली, तेल चोळले. ते पाणाडे होते, म्हणजे जमिनीखालचे पाणी सांगणारे. माझे दोन फाटे दोन मुठींत धरून ते शेतातून चालत. माझे टोक झुकले की म्हणत, "इथं खणा." दूरदूरच्या गावांहून त्यांना बोलावणे येई. मात्र त्यांनी दाखवलेल्या विहिरीवर त्यांच्याच वस्तीला पाणी शेंदायला बंदी असे. तरीही गरज पडली की गाव त्यांच्या दारात येई. त्या घराचा मान माझ्यात होता.

वडील गेल्यावर मी ईश्वरदादांकडे आले. त्यांना रेल्वेत नोकरी लागली आणि आमची बदली लखनौला झाली. तिथल्या आलमबाग भागातल्या गल्ल्यांमधून लोक त्यांना शोधत यायचे. कुणाला हातपंप बसवायचा असे, कुणाला बोअर. दादा चालत, मी झुके आणि पाणी लागे. एकदाही कोरडे गेले नाही. लोक त्यांना 'पानी वाले बाबा' म्हणू लागले. मित्रांनो, खरे सांगते, मलाही वाटायचे की खालून पाणी मला हाक मारते आहे.

दादांची मुलगी प्राची याच शाळेत विज्ञान शिकवायची. २००८ साली शाळेचा हातपंप बंद पडला. मुख्याध्यापिकांनी मोठ्या आदराने दादांना बोलावले. दादा मैदानभर फिरले. मी झुकले ती नेमकी शौचालयाच्या मैल्याच्या टाकीपासून दहा पावलांवर.

"बाबा, इथं नको," प्राची हळूच म्हणाली. "टाकीतलं झिरपून खाली जातं. पोरी हेच पाणी पितील."

"काठी चुकत नाही," दादा म्हणाले.

मुख्याध्यापिकाही म्हणाल्या, "प्राची जी, इनका लगवाया एक भी नल सूखा नहीं निकला. और क्या सबूत चाहिए?"

तेवढ्यात नववीतली रुखसार पुढे आली. ती जुन्या लखनौच्या चौक भागातली, चिकनचे भरतकाम करणाऱ्या कारागिरांच्या घरातली. धिटाईने तिने विचारले, "बाबा, जहाँ लकड़ी नहीं झुकी, वहाँ कभी किसी ने खोदा?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारले नव्हते. मी स्वतःलाही विचारले नव्हते.

दादांनी मान हलवली. "नाही, बेटा. कभी नहीं."

प्राचीने त्यांच्याकडे पाहिले. "बाबा, एकदा तपासून पाहायचं का? तुमची तयारी असेल तरच."

"तपास," दादा म्हणाले. "मले कशाची भीती?"

दुसऱ्या दिवशी मैदानात बारा बादल्या मांडल्या. प्रत्येक बादलीसाठी नाणे उडवायचे. छापा पडला तर पाणी, काटा पडला तर वाळू. आधी झाकणे उघडी ठेवली. बाराच्या बारा वेळा मी बरोबर वागले. मुलींनी टाळ्या वाजवल्या, मीही फुशारले.

मग झाकणे लावायची ठरली. ज्या मुलींनी बादल्या नव्याने भरल्या, त्या वर्गात जाऊन खिडक्या लावून बसल्या. दादांबरोबर चालणाऱ्या रुखसारलाही कशात काय आहे ते ठाऊक नव्हते. असे तीनदा केले. एकूण छत्तीस बादल्या झाल्या. माझी अठरा उत्तरे बरोबर निघाली. मग रुखसारने नुसते नाणे उडवून अंदाज केले. तिची एकोणीस बरोबर आली!

एक मुलगी हसली. प्राचीने तिला नजरेनेच थांबवले.

दादा मला घेऊन घरी गेले. तिसऱ्या सकाळी चहा घेताना म्हणाले, "मी कोणाले फसवलं नाही, प्राची. माह्या बापानंही नाही."

"मला माहीत आहे, बाबा."

"मग हे झुकते कसं?"

प्राचीने मला त्यांच्या मुठींत दिले आणि त्यांच्या मनगटावर बोट ठेवले. "आता मनात म्हणा, इथं पाणी आहे." दादांनी डोळे मिटले. मनगट तिळभर वळले आणि मी खाली गेले. झुकणारी मी नव्हतेच, मित्रांनो! हात वळत होता आणि हाताच्या धन्यालाही ते कळत नव्हते.

"पण पाणी तर लागलं ना सगळीकडं!"

"इथं खाली गाळ आणि वाळू आहे, बाबा. बहुतेक कुठंही खणा, पाणी आहेच. आपल्या गावच्या काळ्या खडकासारखं नाही. इथं पाणी आहे का हे विचारायचंच नाही. ते पिण्याजोगं आहे का, हे विचारायचं."

दादांनी मला काखेत घेतले. मग उठले आणि शाळेत गेले. टाकीपासून सर्वांत लांब, फाटकाजवळ मी अजिबात झुकले नव्हते. तिथे पाय रोवून ते म्हणाले, "यहाँ खोदिए." तिथे भरपूर पाणी लागले. मात्र नमुना तपासून येईपर्यंत प्राचीने मुलींना घोटभरही पिऊ दिले नाही.

मला वाटले, आता मला चुलीत घालतील. पण दादांना दुसरीच काळजी लागली होती: आपण दाखवलेला एखादा पंप मैल्याच्या खड्ड्याजवळ तर नाही? त्यांनी जागा दाखवलेले पंप आठवून ते एकेका घरी निघाले. गयाबाईंनी, त्यांच्या पत्नीने, चपला घातल्या. "मान घ्याले एकटे जात होते. चूक सांगाले मीबी येते."

एका घरी म्हातारबुवा भडकले, "इतने साल बेवकूफ बनाया!" दादांनी हात जोडले आणि पंपापासून शौचखड्डा किती लांब आहे ते पावलांनी मोजले. दुसऱ्या घरी लोकांनी विचारले, "लकड़ी झूठी है, तो साथ क्यों लाए?" दादा म्हणाले, "इसके बिना आप मुझे पहचानते नहीं."

एका गल्लीत पंप शौचखड्ड्याला अगदी लागून होता. त्या घरातल्या लहान मुलीचे पोट सारखे बिघडायचे. पाण्याचा नमुना तपासला तर खराब निघाला. त्या घरच्यांनी तो पंप बंद करून दुसऱ्या टोकाला नवा बसवला. त्या दिवशी परतताना दादा गयाबाईंना म्हणाले, "बापाची काठी आज कामाले आली."

नंतर त्यांनी मला प्राचीच्या हाती दिले. "फेकू नको. पोरींना हातात धरून पाहू दे."

दादा आता नाहीत. पण दर वर्षी मुली बादल्या मांडतात आणि मला धरून चालतात. टोक झुकले की आधी दचकतात, मग आपल्या मनगटाकडे पाहतात. ती नजर मला फार आवडते.

मित्रांनो, माझा एक फाटा तडकला आहे, म्हणून मला जरा जपून धरा. कुणी म्हणाले, "आमचे कधीच चुकत नाही," तर त्याला नम्रपणे विचारा, "चुकले असते, तर कळले कसे असते?" आणि कुणी आपण होऊन स्वतःची चूक सांगायला तुमच्या दारात आला, तर त्याला हसू नका. त्याला आत बोलवा, बसायला द्या आणि आधी पाणी विचारा.