पाताळातलं टेंभर

“दादा, तू बाकी काई बोलू नोको. पोरगी तेथं जेवली का नाई, येवढंच विचार,” नाकाडोंगरीला एसटीतून उतरता उतरता शकुनबाई भावाला म्हणाली.

भोजराजनं मान हलवली. दिघोरीहून निघाल्यापासून गाड्या बदलत दोघं येत होती आणि प्रत्येक गाडीत तिनं हेच सांगितलं होतं. त्यांच्या सोयऱ्यांमध्ये रीतच तशी होती. सासरची तक्रार पंचांपुढे न्यायची, तर तक्रार करणाऱ्या बाजूच्या कुणीही त्या घरच्या चुलीवरचं तोंडात घालायचं नाही. घास खाल्ला की समेट झाला. मग पंच धोतर झटकून आपापल्या घरी जायला मोकळे.

शकुनबाईची ललिता या गावात दिली होती. जावई खुशाल खाणीत कामाला होता. जमिनीखालून वर आला की प्यायचा आणि प्यायला की मारायचा. दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरते, लेकी माहेरी येतात. ललिता एकाही मंडईला आली नाही. शेवटी एक बांगडीवाली निरोप घेऊन आली, “माय, मले येऊन ने. या वेळी त्यानं डोक्यात मारलं.” शकुनबाईनं तिच्याच हाती उलट निरोप धाडला, “मी येतो. तोवर त्या घरचं खाऊ नोको.”

शकुनबाई बालवाडीची बाई. फिरत्या वाचनालयाच्या पेटीत एकदा तिला ग्रीस देशाच्या गोष्टींचं पुस्तक सापडलं. धान्याची देवी आणि तिची लेक. लेकीला पाताळाचा राजा पळवून नेतो. माय सोडवायला जाते, पण लेकीनं तिथलं डाळिंब खाल्लेलं असतं, म्हणून ती पुरती परत येऊ शकत नाही. ती परदेशी नावं शकुनबाईच्या जिभेवर टिकेनात. दिघोरीच्या पोरांना डाळिंबही ठाऊक नव्हतं. तिनं देवीला धानाची माय केलं आणि डाळिंबाच्या जागी जंगलातलं गोड टेंभर घातलं. ती लहानांना सांगताना लेकीनं टेंभर खाल्लं तरी तिला सरळ घरी आणायची, कारण पोरं रडत घरी गेली तर त्यांच्या आया भांडायला येत. धानाच्या रोवण्याला चिखलात वाकलेल्या बायकांना मात्र ती खरा शेवट सांगायची. तेव्हा म्हाताऱ्या कौशल्याबाईनं हात न थांबवता विचारलं होतं, “पोरीनं खाल्लं, का तिले खाऊ घातलं वो?” आज डांबरी सोडून लाल मातीच्या वाटेला लागताना तिला तेच आठवत होतं.

अंगणात सासरा गोपीचंद बाजेवर बसला होता. सतरंजीवर पंच, मधोमध म्हातारा जागेश्वर. खुशाल भिंतीला टेकून नखं कुरतडत होता. आणि खांबाशी ललिता. ओठ सुकलेले, पदर कपाळापर्यंत ओढलेला. पदराखालची जखम आईला दिसलीच. ती रडली नाही. रडायची वेळ नव्हती.

“पोरगी या घरचं काई खाल्ली का?” जागेश्वरनं विचारलं.

सासू आनंदाबाईच तणतणली, “कायची खाते! पुढं ठेवलेलं ताट कुत्र्याले घालाव लागलं. शेजारच्या विहिरीचं पाणी पेऊन बसली हाये नुसती.”

शकुनबाईनं लेकीकडं पाहिलं. एवढीशी पोर, पण शब्द पाळला होता तिनं.

“मंग तक्रार खरी,” जागेश्वर म्हणाला. “पोरगी मायसंगं जाईल. खुशाल, तू दारू सोड, मंग पुढचं पाहू.”

“घेऊन जा म्हणा! आमाले का सुना भेटत नाई?” गोपीचंद तोंड फिरवून म्हणाला.

ललिता आपलं गाठोडं आणायला आत गेली. भोजराजनं चपला पायात सरकवल्या. शकुनबाई उठली, तोच आनंदाबाई हातात पितळी वाटी घेऊन बाहेर आली. आवाज एकदम मऊ.

“जाऊन राह्यल्या त जा, इहीनबाई. आमच्या देवाचं तरी घेऊन जा.”

शकुनबाईचा उजवा हात आपसूक पुढं झाला. डावा त्याखाली. तळहातावर प्रसाद पडला, तो तिनं कपाळाला लावला आणि तोंडात टाकला. जन्मभर असाच घेतला होता. देवाचं कोण नाकारतं?

“माय!” दारातून ललिता ओरडली.

शिरा तोवर गळ्याखाली उतरला होता. अजून गरम होता.

गोपीचंद बाजेवरून उठला. “देवाचा असन, पण शिजला आमच्या चुलीवर. सांगा पंचहो, इहीन जेवली का नाई?”

“हे कपट हाये!” भोजराज कडाडला. “परसादाले कोणी जेवन म्हणते का गा?”

पंच एकमेकांकडं पाहू लागले. “रीत मी नाई बनवली, बाई,” जागेश्वर मान वर न करता म्हणाला. “घास गेला, तक्रार मिटली. खुशाल, आता हात उचलला त बिरादरीच्या बाहेर काढन तुले.”

खुशालनं होकार दिला. असा होकार त्यानं याआधीही दिला होता.

शकुनबाई हात तसाच पुढं धरून उभी होती. बोटांना तूप लागलं होतं. ललितानं गाठोडं खाली ठेवलं, जवळ आली आणि पदराच्या टोकानं आईचं एकेक बोट पुसलं.

“मी काय केलं वो बाई हे...”

“काई नाई केलं तू. जाय माय, गाडी चुकन तुही.”

मग ती आत गेली. आतून ताट वाढल्याचा आवाज आला. शकुनबाई तो ऐकत फाटकाबाहेर पडली.

दोन दिवसांनी बालवाडी भरली. धानाच्या मायची गोष्ट सांगा म्हणून पोरांनी गलका केला. नाही म्हणावं असं तिला वाटलं, पण जीभ सुरू झाली. जमीन दुभंगली, राजा आला, माय पाताळात पोचली. टेंभराची जागा येताच पोरं नेहमीसारखी ओरडली, “पोरीनं खाल्लं!”

“नाई,” शकुनबाई म्हणाली. “पोरीनं नाई खाल्लं. मायनं खाल्लं.”

पुढं बसलेल्या धुरपतानं विचारलं, “अन् पोरगी काय खाल्ली, बाई?”

“काई नाई,” शकुनबाई म्हणाली आणि कोरडीच बोटं पदराला पुसत राहिली. “पोरगी उपाशी होती.”