सहा तासांचा विस्तव

मला थांबता येत नाही. आई म्हणायची, या पोरीच्या पायाला भिंगरी आहे. पन्नाशी उलटली तरी ती भिंगरी सुटली नाही, आणि तिच्यापायी आमच्या घराण्याचं पहिलं घर गेलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्याबद्दल कुणाचा गैरसमज नको.

घर म्हणजे बारा बाय चौदा फुटांची ओंडक्यांची एक खोली. सांध्यांत शेवाळ ठासलेलं, आतून काळीकुट्ट. आजोबा, इस्को केताला, फिनलंडहून मिनेसोटाच्या या रानात आले ते सप्टेंबरात. बर्फ पडायला सहा आठवडे उरले होते. आमच्यातलं कुणीही जे करेल तेच त्यांनी केलं, आधी सौना बांधला, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी टाकून वाफ घ्यायची खोली. दगडांची चूल, धुराडं नाही, धूर जायला भिंतीत एक झरोका. त्यात सहा माणसांनी दोन हिवाळे काढले. मोठं घर मागाहून झालं, पण बाळंतपणं सौनातच होत राहिली, कारण त्याहून स्वच्छ आणि उबदार जागा पंचक्रोशीत नव्हती. सैमा आत्या तिथे जन्मली, तिच्या पाठीवर माझे वडील तिथेच. आजोबांना शेवटची आंघोळही तिथल्याच बाकावर घातली.

यंदा रस्ता रुंद करणाऱ्यांनी आमच्या जागेतून रेघ मारली. गावच्या संग्रहालयाने एक इमारत उचलून न्यायचं कबूल केलं. फक्त एक. माझा भाऊ रेइनो संग्रहालयाच्या लिंडक्विस्टला घेऊन थेट मोठ्या घराकडे निघाला. चौऱ्याहत्तर वर्षांची आत्या काठी आपटत आडवी आली.

"पहिलं घर बघायला आलात ना? मग ते नव्हे. हे."

लिंडक्विस्टने आत डोकं घातलं, बाहेर काढलं तेव्हा कपाळभर काजळी. "आजी, हे तर न्हाणीघर आहे."

"मी यात जन्मले," आत्या म्हणाली. "तुम्ही स्वीडिश लोक कुठे जन्मता, बँकेत?"

तो हसला, आणि तिथेच फसला. शनिवारी दुपारी बाराला ट्रक यायचा ठरला. आत्याची एकच अट होती, त्याआधी सकाळी शेवटचा सौना.

"तिकडे दाराला दोरी बांधतील," ती म्हणाली. "मग कोण बसणार त्यात?"

धुराचा सौना तापवायला सहा तास लागतात. मंद विस्तव, फक्त बर्चची लाकडं, तीही एका वेळी तीन. मग निखारे काढायचे, धूर जाऊ द्यायचा आणि मगच बसायचं. आत्याने पहाटे पाचला चूल पेटवली. म्हणजे आम्ही अकराला बसणार. मग दगड निवणार कधी, उपसणार कधी? ट्रकवर काय तापल्या दगडांसकट चढवायचं? माझा जीव नुसता वर-खाली व्हायला लागला.

नऊला आत्या अंगावर मारायच्या डहाळ्यांची जुडी बांधायला मोठ्या घरात गेली. जाताना म्हणाली, "हेल्वी, तू नुसती बस. लाकूड घालायचं नाही. बसता येतं ना?"

"येतं."

"बघू."

मी बसले. उठले. रस्त्यापर्यंत जाऊन आले. दगडावर पाणी शिंपडून पाहिलं, ते आळसावल्यासारखं चुरचुरलं. नऊ वाजून दहा. पाडलेल्या गोठ्याच्या फळ्या बाजूला पडल्या होत्या, पाइनच्या, खडखडीत वाळलेल्या. दोन घातल्या. जाळ छान धरला, म्हणून आणखी चार घातल्या. पाइनमध्ये राळ असते, ती तडतडते, ठिणग्या उडवते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. मी पुन्हा रस्त्याकडे ट्रक बघायला गेले.

वळले तेव्हा झरोक्यातून जाळ बाहेर येत होता. ओंडक्यांमधलं पंचाहत्तर वर्षांचं शेवाळ पेटलं होतं. मी बादली घेऊन धावले. रेइनो घरातून पळत आला. तो मला निरोप द्यायलाच निघाला होता आणि वाटेत आग दिसली तरी ते वाक्य त्याच्या तोंडून सुटलंच, "ट्रकचा एक्सल मोडलाय, सोमवारी येणार." मग आम्ही दोघं पाणी ओतत राहिलो. साडेदहाला छप्पर खाली आलं.

आत्या जुडी हातात धरून उभी होती. मला तिच्याजवळ जायची भीती वाटत होती आणि दूर राहवतही नव्हतं.

दुपारपर्यंत भिंती कोसळून राख झाल्या. दगडांचा ढीग तेवढा मधोमध उभा राहिला. आत्याने रेइनोकडून राख ओढून वाट करून घेतली, लाकडं फोडायचा ठोकळा ढिगाजवळ ठेवायला लावला आणि बादली-ओगराळं मागितलं. बूट काढून ती ठोकळ्यावर बसली आणि दगडांवर पाणी टाकलं. वाफ सरळ आभाळात गेली. या वाफेला आम्ही लोयल्यू म्हणतो. जुनी माणसं सांगतात, पूर्वी जिवालाही हाच शब्द होता.

"ये, बस," आत्या म्हणाली.

मी तिच्या पायाशी बसले. "मी पाइनच्या फळ्या घातल्या, आत्या. तू नको म्हणाली होतीस. मला बोल. काहीतरी बोल."

"सौनात आवाज चढवत नाहीत."

"सौना राहिलाय कुठे?"

"दगड तापलेत ना? मग सौनाच आहे." तिने आणखी एक ओगराळं ओतलं. "आणि चांगलेच तापलेत."

मला ओरडा हवा होता. तो मिळाला असता तर रडून मोकळी झाले असते. "मग बाहेर चल," मी म्हणाले. "बाहेर तरी शिव्या घाल."

आत्याने राखेकडे पाहिलं, पलीकडच्या रानाकडे पाहिलं.

"बाहेर कुठून जायचं, हेल्वी? दार कुठाय?"

दगड निवायला संध्याकाळचे सहा वाजले. तोवर मी उठले नाही.