मरणाऱ्याला सूट

सुरी अजून त्याच्या पोटातच होती. हाडापासून मांस सोडवायची, बारीक पात्याची. बहिणीने ती नवऱ्याच्या पोटात मुठीपर्यंत घातली होती आणि आता ती भावाची कॉलर धरून ओरडत होती.

"दादा, म्हण! मरतोय तो. म्हण लवकर!"

दुकान उघडायला अवकाश होता. शटर अर्धं वर, फरशी नुकतीच धुतलेली. भावाने फोन करून ॲम्ब्युलन्स बोलावली होती, सुरीच्या भोवतीने आपला ॲप्रन दाबून धरला होता. ॲप्रन भिजून जड झाला होता.

"नाही म्हणणार," भाऊ म्हणाला.

कोण कोण

जमिनीवर: मालक. मटणाच्या दुकानाचा, बायकोचा, आणि बायकोच्या भावाच्या पगाराचा.

गुडघ्यावर: भाऊ. इथे खाटीक. त्याआधी फादर. दर शनिवारी कबुलीच्या जाळीपलीकडून तेच आवाज, तीच पापं. पापमुक्ती, रविवारी ख्रिस्तप्रसाद, सोमवारपासून पुन्हा तेच. एका शनिवारी पापमुक्तीचे शब्द तोंडातून बाहेरच आले नाहीत. मग झगा उतरवला.

उभी: बहीण. चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण देणारी. जबडा डावीकडे सरकलेला. तो आज सकाळचा. सुरी त्याच्यानंतरची.

नियम

"मी फादर नाही आता."

"मरणाऱ्याला पापमुक्ती द्यायला आहेस. झगा उतरवलेला असला तरी चालतो, मी मुलांना शिकवते हे. मला शिकवू नकोस." जबड्यामुळे तिचे शब्द लाळेत घोळून येत होते. "दुसरा फादर येईपर्यंत हा थांबणार आहे का?"

"मरू दे ना मग! तुझं तोंड बघ. आरशात बघ जा."

तिने त्याच्या थोबाडीत मारली. मग दुसऱ्या गालावर.

"हा नरकात गेला तर पाठवणारी कोण? मी. म्हणजे मलाही तिथंच जायचंय. परत ह्याच्याच घरात? कायमची?" ती हसली की रडली, जबड्यामुळे कळलं नाही. "जेलमध्ये जाईन मी खुशाल. पण मेल्यावर तरी मला सुटू दे रे ह्याच्यापासून."

पश्चात्ताप

मालक शुद्धीवर होता.

"साल्या," तो म्हणाला, "तू मला माफ करणार? नोकर आहेस तू माझा."

"बोलू नकोस, रक्त जातंय," भाऊ म्हणाला.

"बोल!" बहीण म्हणाली. "म्हण, देवा, मला पश्चात्ताप होतोय."

"आधी तू म्हण. भोसकलंयस तू."

तिने त्याचे केस धरून डोकं फरशीवर आपटलं. भावाने तिला ढकललं, ती मटण तोडायच्या ओंडक्यावर आदळली आणि रांगत परत आली.

"अहो," ती त्याच्या कानाशी म्हणाली, "एकदाच म्हणा. तुमच्या पाया पडते."

त्याच्या तोंडातून लाल बुडबुडा आला. डोळे छताकडे, मग दाराकडे, मग कुठेच नाही. अशी भीती त्याच्या चेहऱ्यावर त्या दोघांनी कधी पाहिली नव्हती. ती नेहमी त्याच्यासमोरच्यांच्या चेहऱ्यावर असायची.

"बोलता येत नसेल तर हात दाबा," तिने आपला पंजा त्याच्या पंजात दिला. "वाईट वाटत असेल तर दाबा."

त्याने दाबला. पूर्वी दाबायचा तसाच. तिची करंगळी कट्कन वाजली आणि ती किंचाळली.

"दाबला! दादा, दाबला त्यानं!"

"कसा दाबला, बघितलंस ना?"

"दाबला ना! कसा ते देव बघेल. तू म्हण!"

शब्द

पित्याच्या, पुत्राच्या –

"बिल वाचतोयस का? मनापासून म्हण!"

– आणि पवित्र आत्म्याच्या –

"तुझ्या मनात नसेल तर लागू होत नाही, ठाऊक आहे मला, फसवू नकोस मला!" पाठीत बुक्की. मानेवर बुक्की.

– नावाने मी तुला –

थांबला. ह्याला? ह्याला नाही. ह्याला त्याने आत्ता स्वतःच्या हातांनी संपवलं असतं, ॲप्रनवरचा दाब जरासा सैल केला की झालं. मग तिच्याकडे पाहिलं. वाकडी करंगळी छातीशी धरून ती ओठ हलवत होती, मुलांकडून पाठ करून घेताना हलवायची तसे. हे तिच्यासाठी. त्याच्यासाठीचा संस्कार तिच्यासाठी म्हटला तर पोहोचतो का, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

– तुझ्या पापांपासून मुक्त करतो.

"आमेन," बहीण म्हणाली.

मालकाचा पाय फरशीवर दोनदा घासला आणि राहिला.

तिचं

तिने त्याचे डोळे मिटले. मग भावासमोर गुडघे टेकले.

"आता माझं."

भाऊ अजून ॲप्रन दाबूनच बसला होता.

"दादा?"

"मला येत नाही. म्हणजे, चालत नाही. मरणाऱ्याचंच चालतं. तू जिवंत आहेस. मी तुझ्यासाठी फादर बोलावतो, पोलीस स्टेशनात येईल तो –"

"त्याला चालतं," ती म्हणाली. "मला नाही."

"नियम तुला माहीत आहे."

"माहीत आहे." ती उठली. "मरणाऱ्याला चालतं."

भिंतीशी हाडं कापायची करवत होती. तिने हिरवं बटण दाबलं. पातं किंचाळायला लागलं आणि ती मान पुढे करून पात्याकडे गेली. घाई नाही, धडपड नाही.

त्याने तिला कमरेतून खेचलं. दोघं रक्तावरून घसरून पडली. ती त्याच्या मनगटाला चावली, दात आत रुतले, तरी त्याने हात काढला नाही. ती लाथा मारत पात्याकडे सरकत होती, तो तिच्या अंगावर पडून होता.

"सोड! मरायचंय मला, सोड!"

"पश्चात्ताप होतोय?" तो तिच्या कानात ओरडला.

ती थांबली.

"सुरी आत जाताना बरं वाटलं मला, दादा," ती म्हणाली. "फार बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचंच वाईट वाटतंय."

त्याने शब्द म्हटले. या वेळी एका दमात, पाठीत बुक्क्या न खाता.

करवत फिरत होती. दूरवर ॲम्ब्युलन्सचा भोंगा लागला.

"लागू झालं?"

"मरत होतीस ना. झालं."

"मग सोड आता."

करवत बंद करायला एक हात मोकळा करावा लागला असता. त्याने दोन्ही हात तिच्याभोवतीच ठेवले आणि शटर कोणीतरी वर करेपर्यंत तसाच पडून राहिला.