दमून आलेले टिपूसराव

पाणी जपून वापरा हे सांगायला मी चित्र काढलं, आणि ते जिथे लावलं तिथलंच पाणी धो धो वाहायला लागलं. अशी फजिती करून घ्यायलासुद्धा अंगात कला लागते म्हणा.

झालं असं. आमच्या शहरातल्या विहिरी आटल्या, तलाव आटला, आणि मग समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प उभा राहिला. आता नळाला पाणी चांगलं येतं. पण येतंय म्हटल्यावर लोक ते सोडतातही तसंच. समुद्र काय संपणार आहे का, असं म्हणत अंगण धुतात आणि नळी हातात आहेच म्हणून पुढचा रस्ताही धुतात. हे पाणी किती खटपटीनं तयार होतं आणि ते का जपायचं, हे चित्रांतून सांगायचं काम पाणीखात्यानं काढलं होतं. मी ते मागायला गेले.

नोकरी सोडल्यानंतरचं माझं हे पहिलंच काम. आधी मी एका जाहिरातीच्या ऑफिसात होते. तिथले साहेब कधी वाईट बोलत नसत, तोच तर वैताग होता. मीटिंगमध्ये मी काही सुचवायला तोंड उघडलं की ते गोड हसून म्हणायचे, "तू चेहरे काढ गं छान, विचार करायला आम्ही आहोत." एक दिवस माझं डोकं सटकलं आणि राजीनामा टेबलावर ठेवून मी बाहेर पडले. जिना उतरता उतरताच रडू आलं. कारण मनात भीती होती, की साहेबांचंच खरं असलं तर?

पाणीखात्यातर्फे हे काम बघत होते प्रकल्पाचे इंजिनीअर. बोलणं मोजकं, हसणं त्याहून मोजकं. माझ्या बाबांनी त्यांना न बघताच त्यांचं नाव मीठसाहेब ठेवून टाकलं. मीठसाहेबांनी आडपडदा ठेवला नाही. आधी एका शाळेत नळांवर स्टिकर लावून बघू, म्हणाले. पाणी कमी लागलं तर सगळ्या शहराचं काम तुमचं. नाही तर ते तुमच्या जुन्या ऑफिसला जाईल, त्यांचाही अर्ज आलाय.

मग त्यांनी मला प्रकल्प दाखवला. पंपांचा आवाज असा की माझाच आवाज मला ऐकू येईना, आणि माझा आवाज काही कमी नाही. लांबलचक नळकांड्या, त्यांच्या आत पातळ पडद्याच्या घट्ट गुंडाळ्या. खाऱ्या पाण्याला पंप मागून असा काही रेटा देतात की पाणी कसंबसं पडद्यातून पार होतं आणि मीठ अलीकडेच राहतं. हे सांगताना मीठसाहेब ओरडत होते आणि त्यांचा चेहरा उजळला होता. शेवटी त्यांनी मला ग्लासभर पाणी दिलं आणि मी गिळेपर्यंत माझ्याकडे टक लावून बघत राहिले. चव कशी आहे, असं विचारलं. मी म्हटलं, काहीच चव नाही. माणूस असा खूश झाला की विचारू नका. तेवढ्यासाठीच तर हा सगळा आटापिटा, म्हणाले.

घरी येऊन मी टिपूसराव काढले. गुबगुबीत थेंब, डोक्यावर टोपी, गालाला खळी. शाळेतल्या धाकट्या मुलांना अजून वाचता येत नव्हतं, म्हणून चित्रात एकही शब्द घातला नाही. टिपूसराव नळातून खाली उडी घेतायत, हसतायत, दोन्ही हात पसरलेत. मी स्वतःवरच फिदा झाले. इतक्या गोड थेंबाला कोण वाया घालवेल?

शाळेतल्या नळांवर स्टिकर लागले, आणि आठवड्यानं मीठसाहेबांचा फोन आला, ताबडतोब शाळेत या. शाळेतल्या नळांपाशी ही गर्दी! पोरं रांगेनं उभी, प्रत्येकाच्या हातांची ओंजळ पसरलेली, आणि एक मुलगी नळ पूर्ण सोडून ओरडत होती, "टिपूसराव, मारा उडी!" टिपूसराव हात पसरून येत होते, त्यांना झेलायला नको? एकदा झेलला की पुन्हा झेलायचा. शाळेच्या बाई बिचाऱ्या ओल्या साडीनं मला सांगत होत्या, की चित्र मुलांना फार म्हणजे फारच आवडलंय. माझ्या तोंडचं पाणी पळालं. पळायला तेवढंच उरलं होतं, बाकीचं सगळं अंगणात होतं.

मीठसाहेब चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं मीटरकडे बोट दाखवलं आणि सांगितलं, की स्टिकर आजच काढतो. दुसरं काही सुचलं तर सोमवारी घेऊन या, नाही तर राहू दे. त्याच दुपारी जुन्या साहेबांचाही फोन आला. बातमी त्यांच्यापर्यंत कशी पोचली कोण जाणे. "चेहरा मात्र सुरेख जमलाय हां," असं म्हणाले. मी फोन ठेवला आणि रस्त्यावरच्या एका निरपराध डब्याला लाथ मारली. लागलं मलाच.

लंगडत, फणफणत घरी आले, दार ढकललं, पिशवी आपटायला हात वर केला, आणि समोरून चार बोटं चार ओठांवर गेली. आई, बाबा, ताई आणि भावोजी. ताईचं बाळ सकाळपासून रडून रडून आत्ता कुठे झोपलं होतं. झालं, माझा राग गेला घशात. घरात रागवायचीही सोय नाही. मी पिशवी अलगद खाली ठेवली आणि मनातल्या मनात सगळ्यांवर खेकसत बसून राहिले.

तेवढ्यात बाबांना शिंक आली. आमच्या बाबांची शिंक म्हणजे शेजारपाजारची कुत्री भुंकायला लागतात. तोंडावर रुमाल धर म्हणून आजीनं सांगितलं, लग्न झाल्यापासून आई सांगत आलीय, शेजाऱ्यांनी हात जोडले. उपयोग शून्य. आणि आज हाच माणूस एका हातात चपला घेऊन, दुसऱ्या हातातल्या उशीत नाक खुपसून, चवड्यांवर धावत गॅलरीत गेला, मागे दार लावून घेतलं आणि तिथे कसलीशी 'फिस्' करून परत आला. डोळ्यांत पाणी, पण चेहऱ्यावर पराक्रम गाजवल्याचा भाव. बाळ ढिम्म हललं नाही. आई पदर तोंडात कोंबून हसत होती.

मलाही हसू आवरेना. आणि हसता हसताच मी सरळ बसले. बाबांना आज कोणी काही सांगितलं नव्हतं, कोणी डोळे वटारले नव्हते. फक्त दमलेलं कोणीतरी शेजारी झोपलं होतं.

आणि माझे टिपूसराव? समुद्रातून आले, रेटारेटीत पडद्यातून पार झाले, टाकीपर्यंत चढले, इतकं करून नळात पोचलेल्या माणसाला मी आणखी उड्या मारायला लावत होते! अगं, त्याला आधी जरा आडवं होऊ दे की, असं मी मला मनात बजावलं आणि कागद ओढला.

या खेपेला शाळेतल्या नळांच्या वरच्या भिंतीसाठी चित्रांची पट्टी केली. टिपूसराव समुद्रातून निघाले. टिपूसराव पोट आत ओढून पडद्यातून आडवे घुसतायत, टोपी वाकडी, आणि अलीकडे अडकलेले मिठाचे खडे त्यांना टाटा करतायत. टिपूसराव टाकीचा जिना चढतायत, एक हात कमरेवर. आणि प्रत्येक नळावर, नळाच्या वाकणात अंग दुमडून, पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून, टोपी डोळ्यांवर घेऊन टिपूसराव गाढ झोपलेत. ज्यांना वाचता येतं त्यांच्यासाठी खाली एक ओळ घातली: दमून आलेत, काम असेल तरच उठवा.

ताईनं चित्र बघितलं आणि माझ्या पाठीवर हात फिरवला. एक नमुना मी मोरीतल्या नळावर चिकटवला, कोणाला काही सांगितलं नाही. थोड्या वेळानं बाबा हात धुवायला गेले. नेहमी ते नळ सोडतात, मग साबण शोधतात. आज आधी साबणाचा आवाज आला, मग बारीक धार, मग नळ बंद. बाहेर येऊन हळूच म्हणाले, "कोण गं हा बिचारा?" माझा जीव भांड्यात पडला. अर्धाच, कारण बाबा म्हणजे शाळा नव्हे.

सोमवारी स्टिकर लागले. शुक्रवारी मी शाळेच्या फाटकातून आत शिरले तेव्हा नळांपाशी कोणीच नसावं असं वाटलं, इतकी शांतता. पण रांग होतीच. मुलं चवड्यांवर उभी होती. गेल्या खेपेला टिपूसरावांना उडी मारायला सांगणारी ती मुलगी बोटभर धार सोडून पेला भरत होती. भरल्यावर तिनं दोन्ही हातांनी नळ बंद केला, वाकून टिपूसराव जागे झाले नाहीत ना ते बघितलं, आणि मागच्याला डोळ्यांनीच सांगितलं की तुला खरंच तहान असेल तर ये. मागचा थोडा विचार करून वर्गात परत गेला.

मीठसाहेब मीटर बघून आले. त्यांच्या बोटांना वंगण लागलं होतं. ते नळापाशी गेले, हात पुढे केला आणि थांबले. इकडे तिकडे बघितलं, बारीकशी धार सोडली, हात धुतले, नळ बंद केला. मग शाळेतल्या मुलांसारखंच वाकून बघितलं. मी बघतेय हे लक्षात आल्यावर त्यांचे कान लाल झाले.

माझ्याजवळ येऊन ते कुजबुजत म्हणाले, "सगळ्या शहराचं काम तुमचं." आणि मग, "हे तुम्हाला सुचलं कसं?"

इतकी वर्षं मला लोकांनी विचारलं होतं, की चेहरा कधी होईल, डोळे मोठे करता येतील का, रंग बदलता येईल का. सुचलं कसं, हे कोणी विचारलं नव्हतं. मला एवढा आनंद झाला की मी हुर्रे म्हणून ओरडणार, तोंड उघडलंसुद्धा, तेवढ्यात नळापाशी उभ्या त्या मुलीनं ओठांवर बोट ठेवून माझ्याकडे असं काही बघितलं की मी हुर्रे तसंच गिळलं.

"सांगते," मी हळू आवाजात म्हटलं, "आमच्या बाबांना शिंक आली, तिथून सुरुवात करते." आणि आम्ही दोघं पायऱ्यांवर जाऊन बसलो.